एक नंबर कमीचा बूट

मुलीला मी बूट फेकून मारला आणि तिच्या भुवईवर तीन टाके पडले, तेव्हा कुठे माझ्या पायाला काय झालंय ते मला कळलं. खरं म्हणजे उलटं व्हायला हवं होतं. आधी पाय दाखवायचा, मग औषध घ्यायचं, आणि बूट पायातच ठेवायचा. पण आमच्या हातून गोष्टी अशा क्रमाने झाल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती.

ज्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला, हाड वर आलंय, आणि जे रोज सकाळी बुटात पाय कोंबताना बूट करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरतात, त्यांच्यासाठी हे आहे. मी डॉक्टर नाही. चोवीस वर्षं पायदळात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता वडूजच्या बाहेर एका भरती अकॅडमीच्या मैदानावर पोरापोरींना पळवतो. गावात मला मेजर म्हणतात. पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे मेजरच म्हणतात, मेसमध्ये कांदे चिरणाऱ्यालासुद्धा, त्यामुळे त्यात फुगण्यासारखं काही नाही.

शिस्त

भरती झालो तेव्हा एका जुन्या उस्तादाने मंत्र दिला होता. बूट एक नंबर कमीच घ्यायचा. पाण्यात भिजवायचा, ओलाच पायात चढवायचा आणि वाळेपर्यंत काढायचा नाही. मग चामडं पायाचं ऐकतं. सैल बुटातला जवान सैलच असतो.

माझ्या बाबतीत पायानेच चामड्याचं ऐकलं. पंधरा-वीस वर्षांत उजवा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर कलला, एसटीत डुलकी लागलेला माणूस अनोळखी खांद्यावर कलतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आलं. आधी वाटाण्याएवढं, मग सुपारीएवढं. बुटाचं चामडं नेमकं त्याच जागी फुगायला लागलं. मी रोज त्याला पॉलिश करून चमकवत होतो.

हाच मंत्र मी मैदानावर चाळीस पोरापोरींना दिला. पळायचे कापडी बूटसुद्धा एक नंबर कमी. कुणी कुरकुरलं की म्हणायचो, "पाय दुखतोय? मग घरला जा. पोलिसात पाय लागत्यात, नाटकं न्हाई." त्या चाळिसांच्या जोडीला माझी मुलगी ऋतुजा होती. एकोणीस वर्षांची, आठशे मीटरला सगळ्यांत पुढे. तिला पोलीस व्हायचं होतं, आणि मला तिला खाकीत बघायचं होतं. दोघांत जास्त कुणाला, हे सांगणं अवघड आहे.

माझे इलाज

पहिला इलाज कानशीचा. मला वाटलं कुरूप आहे. पायाला कुरूप झालं की वडील ते ब्लेडने तासायचे, ते डोळ्यांपुढे होतं. ब्लेडने काही हलेना म्हणून शेडमधून लोखंड घासायची कानस आणली, पाय दगडावर ठेवला आणि घासायला सुरुवात केली. कातडी सोलली, रक्त आलं, तरी मी घासतोय. हाडाला कानस लावताना माणसाला थांबावंसं वाटत नाही, कारण थांबलं की आधीचं दुखणं फुकट गेल्यासारखं वाटतं. हा विचार किती मूर्खपणाचा आहे हे आता लिहिताना कळतं. तेव्हा तो मला शौर्याचा वाटत होता. पुढे आठ दिवस पू येत होता.

दुसरा इलाज तालमीतला. आमच्या वस्तादांनी उभ्या तालुक्याचे निखळलेले खांदे बसवलेत. त्यांनी पाय हातात घेतला, अंगठा बघितला आणि निकाल दिला.

"मेजर, आंगठा सरकलाय. बसवू का?"

"बसवा की, वस्ताद."

"वरडायचं न्हाई बरं का. पोरं बघत्यात."

दोन पैलवानांनी माझे खांदे लाल मातीत दाबले. वस्ताद स्वतः माझ्या पावलावर उभे राहिले. एकशे दहा किलोचा माणूस. मग खाली वाकून त्यांनी अंगठा दोन्ही हातांत धरला आणि बाहेर हिसडला. आत काहीतरी ओल्या फांदीसारखं वाजलं. मी ओरडलो नाही. माझ्या उजव्या हाताला जो पैलवान होता त्याच्या दंडाला मी चावलो. तो ओरडला.

"बसला," वस्ताद म्हणाले.

अंगठा चार तास सरळ राहिला, तोही सुजेमुळे. सूज उतरली तसा पुन्हा शेजाऱ्याच्या खांद्यावर.

तिसरा इलाज म्हणजे रोज संध्याकाळी बादलीभर गरम पाणी, त्यात मूठभर मीठ. तो एवढाच काय तो शहाण्या माणसाचा होता.

बूट सुटला तो दिवस

त्या सकाळी ऋतुजा दुसऱ्या वळणावर थांबली. चाळीस जणांसमोर खाली बसली आणि बूट काढले. मी शिट्टी फुंकत तिथे गेलो.

"पप्पा, पाय लय दुखतोय. पळवंना."

"इथं पप्पा न्हाई, सर म्हणायचं. ऊठ."

"खरंच दुखतोय."

"नाटकी हायस. आयवर गेलीस."

पोरं हसली. ती बूट हातात घेऊन अनवाणी घरी निघून गेली.

संध्याकाळी मी अंगणात बाजेवर बसलो होतो, पाय बादलीत. ती समोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या पायाची काय दशा झालीया बघा. तुमाला ज्यानं शिकवलं त्याला काय कळत न्हवतं, आन् तुमालाबी कळत न्हाई. आमचे पण पाय तसंच करणार तुमी."

बूट शेजारीच होता. टाचेला लोखंडी नाल मारलेला. तो हातात कधी आला आणि हातातून कधी गेला, मला आठवत नाही, असं मी पुढे कैक दिवस सांगत होतो. टाच तिच्या भुवईवर लागली. तिने हात लावून बघितला, हात लाल झाला. ती रडली नाही. बायको, संगीता, भाकरी टाकत होती. ती धावत बाहेर आली, पोरीचा चेहरा बघितला, बादलीच्या काठावर मी उचलून धरलेला पाय बघितला आणि हातातलं तव्यावरचं उलथनं सगळी ताकद लावून त्या टेंगळावर हाणलं.

सीमेवर बाजूला गोळा फुटलाय माझ्या. तेव्हा शुद्ध गेली नव्हती. उलथन्याने गेली.

निदान

रिक्षात आम्ही तिघं एका रांगेत बसलो होतो. वडूजच्या डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, "कशानं लागलं?"

"दार लागलं," मी म्हणालो.

"बूट लागला," ऋतुजा म्हणाली. "ह्यांनी मारला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोरा कापला आणि खाली बघितलं. बाकड्यावर आम्ही बापलेक अनवाणी बसलो होतो. डॉक्टर तिथेच उकिडवे बसले. आधी माझा पाय बघितला, मग तिचा, मग परत माझा.

"हिला कधीपासून दुखतंय?"

"दोन महिनं," ती म्हणाली.

तिच्या पायाला तेच होतं, लहान मापाचं. अंगठा थोडा कललेला, मुळाशी गुलाबी उंचवटा. माझ्या पायाचा तो जणू शाळेतला फोटो होता.

ह्या दुखण्याला इंग्रजीत बनियन म्हणतात. अंगातल्या बनियनशी त्याचा संबंध नाही, एवढं सांगून पुढे जातो, कारण ह्यावरचे सगळे विनोद आमच्या भावकीने करून संपवलेत. पायाची अशी ठेवण घराण्यातून येते, वरून आवळ बूट घातला की ती बळावते, असं डॉक्टर म्हणाले. माझी आई अशीच वाकड्या अंगठ्याची होती, ते मला तिथे बसल्यावर आठवलं. म्हणजे पाय मी पोरीला दिला होता आणि बूटही मीच दिला होता.

"हिचं अजून हातात आहे," डॉक्टर म्हणाले. "रुंद बूट, बोटांमध्ये घालायची मऊ गादी, थोडे व्यायाम, आणि दुखलं की थांबायचं. तुमचं मात्र सांगलीला दाखवा."

"हिला पळता येईल ना?"

"थांबू दिलंत तर पळता येईल."

त्या दिवसापासून ऋतुजा माझ्याशी बोलायची बंद झाली. मैदानावर यायचीही बंद झाली. भरतीचा फॉर्म भरून झाला होता. कपाटाला तिने चिकटवलेलं सरावाचं वेळापत्रक तिनेच ओरबाडून काढलं, चिकटपट्टीसोबत रंगाचे पोपडे निघाले. आजपर्यंत ते कपाट तसंच आहे.

सांगली

सांगलीच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी टेंगळावरची कातडी निरखून बघितली.

"इथं कुणी घासलंय?"

"मीच."

"कशानं?"

"कानशीनं."

"लाकडाच्या की लोखंडाच्या?"

"लोखंडाच्या. लाकडाची बोथट झाली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि मग एक्स-रे लावला. वस्तादांच्या कृपेने सांध्याची पार वाट लागली होती. आता रुंद बुटाने भागणार नव्हतं. हाड कापायचं, सरळ बसवायचं, स्क्रू मारायचे. मी विचारलं, पट्टा बांधून सरळ होईल का? मोबाईलवर जाहिरात बघितली होती. त्या म्हणाल्या, पट्ट्याने बरं वाटेल, वाकलेलं हाड सरळ होणार नाही.

भीतीबद्दल लिहायचं तर, मला रक्ताची भीती नाही. करवतीची आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी भांडलो. चहा गार म्हणून भांडलो, चादर आखूड म्हणून भांडलो. नर्सच्या हातून ट्रे ओढून घेतला आणि तो माझ्याच पायावर पडला. त्याच पायावर.

शेजारच्या खाटेवर कुपवाडच्या एका फाउंड्रीतले अण्णाप्पा होते. पावलावर साच्याची पेटी पडून त्यांची दोन बोटं गेली होती. ट्रे पडल्यावर मी जे काही बोललो ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेजर, एक सांगू का?" ते म्हणाले. "तुमचा आंगठा वाकडा का हुईना, हाय. माझ्या बायकूनं काल बोटं मोजली. दोनदा मोजली."

मग त्यांनी चुरमुऱ्याची पुडी पुढे केली. त्या वॉर्डात माझ्यावर जी काही दया झाली, तिची सुरुवात त्या पुडीपासून झाली.

संगीता दिवसभर स्टुलावर बसून असायची. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना ती समजावून सांगायची, "दुखण्यानं माणूस चिडतंय वो. पाय एवढा ठणकत होता, त्यात पोरगी बोलली. हातून घडलं." पाहुणे माना हलवायचे. मीसुद्धा हलवायचो. बहाणा फुकटात मिळाला होता, आणि तो अगदी मापाचा होता.

ऋतुजा आली नाही.

करवत

कमरेत सुई दिली. खालचं अंग माझं राहिलं नाही. मधे हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. करवतीचा बारीक, चिडका आवाज, रसवंतीत वाळकं कांडकं अडकल्यावर येतो तसा. मग ठोकणं. प्रत्येक ठोक्याला माझं डोकं उशीवर हलत होतं. भाजलेल्या शिंगाचा वास आला, बैलाच्या शिंगाला डाग देतात तसा, आणि तो माझाच वास आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"हाड कडक आहे हो तुमचं," डॉक्टरीणबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या.

"पायदळ हाय, म्याडम," मी म्हणालो आणि त्यानंतर, मला नंतर सांगण्यात आलं त्याप्रमाणे, सगळ्या ऑपरेशन थिएटरला पीछे मुडचा हुकूम दिला. कुणी मुडलं नाही.

सुईचा अंमल उतरला तेव्हा पायात कुणीतरी घण घालतंय असं वाटलं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांना खोटा धीर देत नाही. पहिले दोन दिवस वाईट असतात. गोळी वेळेवर मागा, दुखायची वाट बघत बसू नका. सहन करणाऱ्याला तिथे कुणी पदक देत नाही. मी वाट बघितली आणि उशी दातांनी फाडली.

बाप आडवा पडतो

सहा आठवडे टाचेवर भार देणारी एक जाड चप्पल आणि हातात वॉकर. एका दुपारी संगीता शेजारी गेली होती. घरात ऋतुजा आणि मी, म्हणजे मी एकटाच. मोरीकडे जाताना वॉकरचा पाय फरशीच्या खाचेत अडकला आणि मी आडवा झालो. बादली अंगावर. हाक मारायची तर तिला मारावी लागणार होती, म्हणून मारली नाही. भिंतीवर मूठ मारली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोटाची सालपटं निघाली.

ती दारात आली. बगलेत हात घालून तिने मला पोत्यासारखं वर ओढलं, भिंतीला टेकवलं आणि समोर बसली. भुवईतला टाक्यांचा व्रण जवळून पहिल्यांदाच बघितला. तिथे केस उगवले नव्हते.

"आय सगळ्यास्नी सांगती, पाय दुखत होता म्हणून मारलं," ती म्हणाली. "खरं हाय का?"

व्हय म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. डॉक्टर, बायको, पाहुणे, सगळे साक्षीला होते.

"न्हाई," मी म्हणालो. "तवा पाय गरम पाण्यात होता. दिसभरात तेवढाच एक तास तो दुखायचा न्हाई."

"मग?"

"तू बोललीस ते खरं होतं. म्हणून मारलं."

अंगावरचं पाणी गार पडलं.

"नाटकी म्हणालात ते गिराउंडवर म्हणालात," ती म्हणाली. "हे मोरीत सांगून कसं चालंल?"

मैदान

चप्पल आणि वॉकरसकट मी मैदानावर गेलो. चाळीस पोरापोरींना ओळीत उभं केलं आणि सगळ्यांत आधी स्वतःचा पाय दाखवला, टाक्यांसकट. मग सांगितलं की बुटाचा मंत्र खोटा होता, आणि ऋतुजा नाटक करत नव्हती, आणि तिच्या कपाळाला जे झालं ते दारामुळे नाही, दुखण्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. एवढं बोलायला मला तीन मिनिटं लागली. आठशे मीटरपेक्षा जास्तच. कुणी हसलं नाही.

नंतर सगळ्यांना बूट काढायला लावले. तो वास मी जन्मात विसरणार नाही. तुम्हीही घरी हे करून बघा. संध्याकाळी, कारण संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, वर्तमानपत्रावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा. मग त्या रेघेवर आपला बूट ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली की समजा, तुम्ही पाय पेटीत भरताय. आमच्या मैदानावर त्या दिवशी बहुतेकांची रेघ बाहेर दिसली.

ऋतुजाला साताऱ्यात रुंद बूट मिळाले. ते आणायला ती आणि संगीता गेल्या, मला कुणी चला म्हटलं नाही. पुढच्या सोमवारी ती मैदानावर आली आणि रेषेवर उभी राहिली. मी घड्याळ दाबलं.

दुसऱ्या वळणावर ती थांबली. खाली बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. चोवीस वर्षांत जमा केलेले सगळे शब्द माझ्या तोंडात आले, दातांपर्यंत आले. मूठ आवळली गेली, तीही खोटं कशाला बोलू. मी तोंड मिटलं. टाचेवर भार देत, वॉकर मातीतून ओढत, त्या वळणापर्यंत गेलो. मैदान एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. धाप लागली होती. तिच्यापाशी उभा राहिलो.

"कुठं दुखतंय?"

तिने वर बघितलं. "कुठंच न्हाई. तुमी काय करताय ते बघत होते."

तिने नाडी परत बांधली, दोनदा आवळली, मग थोडी सैल केली. उठून रेषेकडे चालायला लागली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "ही वेळ धरू नका. आता पळते ती धरा."